नळ आला तरी न उठलेली बाई

आमच्या गल्लीत मला सिद्ध समजतात, आणि त्याला कारणीभूत नळ आहे. हसू नका. लातुरात राहिलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. इथे नळाला पाणी रोज येत नाही. आठवड्याने येतं, कधी दहा दिवसांनी, उन्हाळा कडक असला तर त्याहूनही उशिरा. आणि आलं, की घरात लग्न असो नाहीतर मयत, माणूस आधी घागरीकडे धावतं. सत्यनारायणाची पूजा अध्यायाच्या मधोमध थांबलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. भटजीसुद्धा उठले होते. त्यांचं घर त्याच लाइनवर होतं.

तर अशा गावात एका सकाळी नळ आला आणि मी डोळे मिटून बसून राहिले. एवढंच माझं कर्तृत्व.

योगाकडे मी अध्यात्माच्या ओढीने गेले, असं कुणी समजू नये. गुडघ्यांसाठी गेले. जन्मभर शाळेत उभं राहून शिकवलं, त्याचं व्याज गुडघे मागत होते. निवृत्तीनंतर वर्षभरातच हे गेले. मुलगी त्याआधीच लग्न होऊन नांदेडजवळ विष्णुपुरीला गेली होती. जावई तिथल्या कॉलेजात शिकवतात. घरात मी एकटी उरले. एकटेपणाबद्दल लोक फार गोड बोलतात, ते ज्यांच्या घरात माणसं असतात ते. मला तो असा कळला, की दिवसभरात माझाच आवाज माझ्या कानांवर पडत नसे. संध्याकाळी मुलीचा फोन आला की पहिला शब्द घशातच अडकायचा आणि ती विचारायची, "आई, झोपली होतीस का?" मी हो म्हणायचे. दिवसभर बोलायला कुणी नव्हतं म्हणून आवाज बसला, हे सांगण्यापेक्षा झोपले होते म्हणणं सोपं होतं.

योगाचा वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरायचा. शिकवणारे गुरुजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी आवाज स्टँडावरचाच राहिला होता. "श्वास घ्या... सोडा... मागच्या, सोडा की!" असं ते ओरडले, की देवळातली कबुतरं उडायची. पण माणूस मनापासून शिकवणारा. आसनं झाली, प्राणायाम झाला की शेवटी ध्यानाला बसवायचे आणि रोज नव्याने समजावून सांगायचे. "स्टँडावर गाड्या येतात, जातात. कंट्रोलर सगळ्या गाड्या बघतो, पण एकाही गाडीत बसत न्हाई. मनात विचार येतील, त्या गाड्या हायेत. तुम्ही बसू नका. बघत राहा. बघणारा जो हाय ना आत, तेच तुमचं खरं रूप."

मी पहिल्यांदा मनातल्या मनात नाक मुरडलं. माझ्या स्टँडावर येणाऱ्या सगळ्या गाड्या एकाच गावाच्या होत्या आणि मी प्रत्येकीत बसत होते. हे औषध वेळेवर घेत नव्हते, ती गाडी. मुलीला अजून जवळ कुठेतरी द्यायला हवं होतं, ती गाडी. पण मी मास्तरीण. शिकायला बसलं की नीट शिकायचं, ही सवय हाडामांसात भिनलेली. रोज बसत गेले. वर्षभराने कधीतरी दोन विचारांच्या मध्ये एक रिकामी जागा दिसली. अगदी थोडी. त्या जागेत भीती नव्हती, आठवण नव्हती, मीसुद्धा नेहमीसारखी नव्हते. डोळे उघडले तेव्हा गुरुजी म्हणाले, "काय दिसलं?" मी म्हणाले, "काहीच नाही." ते खूश झाले. त्या दिवशी घरी येऊन मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

गुरुजींना दुःख एकाच गोष्टीचं होतं. त्यांच्या सगळ्या शिष्यिणी नळापुढे फेल होत्या. ध्यान कितीही लागलेलं असो, बाहेर कुणी "नळ आले गंऽऽ" म्हटलं की सभामंडप रिकामा. एकदा ते चिडून म्हणाले, "आठ अंगं हायेत योगाची. पाचवं अंग प्रत्याहार, म्हणजे इंद्रियं आत वळवणं. लातुरात त्याची एकच परीक्षा. ज्या दिवशी नळ आला तरी तुमच्यातली एक बाई उठणार न्हाई, त्या दिवशी समजीन माझी शिकवणी फळाला आली." बायका हसल्या. मीही हसले. मी तर पहिल्या धावणाऱ्यांतली होते. कारण माझी आणि शेजारच्या भाबीची लाइन एक. तिने मोटर लावली की माझा नळ कोरडा, मी लावली की तिचा. म्हणून आम्ही बाऱ्या ठरवल्या होत्या, आणि बारी कुणाची यावरून दर खेपेला भांडायचो. तिच्या घरचे कैक पिढ्यांपासून गाद्या-रजयांचं दुकान चालवतात. ती स्वतः घरात साड्यांना फॉल लावते. दुपारी साडी घेऊन माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि सुईबरोबर तोंडही चालवायची. भांडण सकाळी, गप्पा दुपारी. या दोन्हीत मिळून माझा निम्मा दिवस जायचा.

त्या सकाळी काय झालं ते मी इतक्यांदा सांगितलं आहे, आणि इतक्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आहे, की आता लिहूनच टाकते.

ध्यान चालू होतं. रस्त्यातली पाइपलाइन फुसफुसली. मग आरोळी आली. बायका उठल्या, पदर खोचल्याचे, चपला शोधल्याचे आवाज झाले. एकेका घरातून मोटरी सुरू झाल्या. भाबी थेट देवळाच्या दारात येऊन ओरडली, "बाई, नळ आला! उठून राहिल्या का न्हाई? पैली बारी तुमची हाय!"

मी उठणारच होते. हात टेकले होते. तेवढ्यात मनात आलं, घरात पाणी किती आहे? मागच्या खेपेचा ड्रम अजून अर्ध्याच्या वर भरलेला. हंडा भरलेला. एका माणसाचा स्वयंपाक, एका माणसाची आंघोळ, बादलीभर धुणं. कुणासाठी भरायचं? जिथे एके काळी सासू-सासरे, नणंदा, हे, मुलगी, येणारे-जाणारे, इतक्यांचं पाणी मी एकटी भरत होते, कंबर मोडेस्तोवर, भांडून, शिव्या देऊन, तिथे आता पाणी शिळं होत होतं. हे ध्यानात आलं आणि माझ्यातलं सगळं बळ गेलं. टेकलेले हात मी पुन्हा मांडीवर घेतले. उठण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग ते झालं. मन एकाएकी पार निवळलं. मोटरी ऐकू येत होत्या, भाबीची हाक ऐकू येत होती. आपण किती एकट्या आहोत हेही मला दिसत होतं, पण समोर ठेवलेल्या वस्तूसारखं. ते पाहणारी कुणीतरी मागे शांत बसली होती आणि तिला कशाचीही झळ लागत नव्हती. किती वेळ गेला मला माहीत नाही. ही शांतता खोटी नव्हती, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. खोटी असती तर सगळं सोपं झालं असतं.

डोळे उघडले तर बायका परत आल्या होत्या. ओल्या साड्यांनी, हात जोडून, समोर. गुरुजी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. एकीने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय ओढून घेतले. म्हणाले, "अहो, असं काय करता? घरात पाणी आहे म्हणून नाही उठले."

"बघा," गुरुजी सगळ्यांकडे वळून म्हणाले, "मीपण किती गळालंय बघा."

झालं. लातुरात नळ आला तरी न उठलेली बाई म्हणजे साधी बाई नव्हे, हे गल्लीभर झालं. मी जितकं नाही म्हणाले तितकी माझी पायरी चढत गेली. मी चिडले तर "तेज आलंय" म्हणायच्या, गप्प बसले तर "मौन". एकीने मुलाचं बारावीचं काय होईल विचारलं. मी म्हणाले, अभ्यास करायला सांगा. तिने ते वाक्य घरी नेऊन सगळ्यांना सांगितलं म्हणे, जणू मी काही भविष्य सांगितलं होतं. सभामंडपात माझी सतरंजी सगळ्यांच्या पुढे, वेगळी अंथरली जाऊ लागली. शेजारी कुणी बसेना. आधी आसनं करताना बाजूच्या बाईचा धक्का लागायचा, तीही माझ्याकडे बघून हसायची. आता कुणाचा पदरसुद्धा लागत नव्हता. पाया पडणारं माणूस पाया पडतं आणि चार पावलं मागे सरतं, हे मला तेव्हा कळलं.

नळ आला की माझा ड्रम दुसऱ्याच बायका भरून ठेवायच्या. "तुम्ही बसा, बाई." आणि भाबीने भांडण बंद केलं. माझी बारी आधी, हे तिने परस्पर ठरवून टाकलं. मी मुद्दाम एकदा तिच्या बारीत मोटर लावली. तिने चकार शब्द काढला नाही. दुपारचं येणंही थांबलं. ईदला शीरखुर्म्याचा डबा दारात ठेवून, कडी हळूच वाजवून ती निघून गेली. दार उघडेपर्यंत गल्लीत कुणी नव्हतं. भिंतीपलीकडे मात्र ती दुसऱ्या बायकांशी खिदळताना ऐकू यायची. मी इकडे ध्यानाला बसायचे आणि कान तिकडे लावायचे. असला माझा प्रत्याहार.

शेवटी मी तिच्याकडे गेले. ती साड्यांच्या ढिगाऱ्यात बसली होती. मला पाहून उठली, डोक्यावरून पदर घेतला. माझ्यासमोर तिने कधी पदर घेतला नव्हता. मी म्हणाले, "भाबी, तू येत का नाहीस?"

"कसं येऊ बाई? तुम्ही आता त्या लाइनीत गेल्या. आमच्या गप्पा म्हंजे काय, हिची सून अन् तिची सासू. तुमच्या कामात खोडा कशाला?"

"मला करमत नाही, भाबी." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले होते. मुलीलासुद्धा कधी म्हणाले नव्हते.

ती हसली. अगदी प्रेमाने. "मस्करी करून राहिल्या का बाई! तुम्हाला अन् करमत न्हाई? तुम्हाला आता कोन लागतंय?"

तिने चहा केला. मी प्यायले. ती समोर अवघडून बसून राहिली, सुई हातात न घेता. मी निघाले तशी दारापर्यंत सोडायला आली. घरी येऊन मी कपाटातली भांडी काढून उगाच घासत बसले.

मग मी मुलीकडे जायचं ठरवलं. वाटलं, तिथे तरी मी आईच असेन. अहमदपूर, लोहा करत एसटी जाते आणि नांदेड शहरात शिरायच्या आधीच विष्णुपुरी लागतं. जावई स्टॉपवर न्यायला आले होते. घर कॉलेजच्या जवळच. धरण शेजारी, त्यामुळे नळ सोडला की पाणी. मला त्याची अजून सवय होत नाही; मी तिथेही बादल्या भरून ठेवते आणि मुलगी हसते.

या खेपेला ती हसली नाही. बादली उचलायला मी तिला हाक मारली, तर जावई धावत आले आणि त्यांनी उचलली. खुर्चीतून उठताना ती हाताचा आधार घेत होती. कपडे वाळत घालताना दोरीवर पोटाला बांधायचा रुंद पट्टा दिसला. मी तो हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. शाळेत पोरांच्या दप्तरात भलतंसलतं सापडलं की उभी राहायचे तशीच.

"गर्भपिशवी काढली, आई," ती म्हणाली. "महिना होऊन गेला. आता बरं आहे."

मी पट्टा पलंगावर ठेवला आणि शेजारी बसले. महिनाभर. मध्ये दोन-चार दिवस तिचा फोन आला नव्हता, ते मला आठवलं. जावयांनी केला होता. ती जरा कामात आहे म्हणाले. मी "बरं" म्हणाले होते. आणि त्या दिवसांत माझं मन जरासुद्धा हललं नव्हतं. ते हललं नाही म्हणून मी स्वतःवर खूश होते. पूर्वी एक फोन चुकला तर जीव टांगणीला लागायचा, आता बघ कशी स्थिर झालीस, असं स्वतःला म्हणाले होते. माझी मुलगी तेव्हा दवाखान्यात पडली होती.

"मला का नाही सांगितलं?" माझा आवाज इतका चढला की जावई बाहेर निघून गेले. "मी मेले होते का?"

"तसं नाही गं." तिने मान खाली घातली. "तू फोनवर इतकी शांत असायचीस. काहीही सांगितलं तरी 'होईल नीट' म्हणायचीस. गल्लीतल्या काकूंचाही फोन आला होता. म्हणाल्या, तुझ्या आईला आता नळ आला तरी पत्ता नसतो, फार वरच्या अवस्थेत आहेत. मला वाटलं, कशाला हिला खाली ओढायचं? इतक्या वर्षांनी तुला शांतता मिळाली होती. माझ्यामुळे ती मोडायला नको."

ती हे माझ्या भल्यासाठी बोलत होती. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तो असता तर मी खुशाल भांडले असते. मी रडायला लागले. तोंडाला पदर लावून नाही, पोर रडतं तशी, आवाज काढून. हे गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते. तेव्हा पाहुण्यांचा चहा कुणी करायचा हा प्रश्न होता.

आणि रडता रडता मला दिसलं, की ती मागे बसून पाहणारी होतीच. देवळात होती तशीच, जागच्या जागी. मी हुंदके देत होते म्हणून तिचं काही बिघडलं नव्हतं, आणि ती शांत होती म्हणून माझं रडणं थांबत नव्हतं. इतके दिवस मी समजत होते की ती हवी असेल तर सगळ्यांना सोडावं लागतं. ज्यांनी मला पुढच्या सतरंजीवर बसवलं त्यांनाही तसंच वाटत होतं. मन गप्प करून मी तिचा मोठेपणा राखत होते, आणि तिला त्याची काडीची गरज नव्हती. गुरुजींना हे विचारायला हवं, असं मनात आलं. पण गुरुजी याचंही काहीतरी वेगळंच करतील, याची मला खात्री होती.

मुलगी हळूच जवळ येऊन बसली. माझ्याकडे निरखून पाहत होती. "आई, तू रडतेयस," ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी नव्हती. हायसं वाटल्यासारखा आवाज होता तो, आणि तेच मला जास्त लागलं. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली. पोटात कसं दुखायचं, किती दिवस अंगावर काढलं, नांदेडच्या डॉक्टर बाई काय म्हणाल्या, आदल्या दिवशी तिला किती भीती वाटली. आता आपल्याला मूल होणार नाही हे कळल्यावर जावई गॅलरीत जाऊन कसे उभे राहिले, तेही सांगितलं. मी मध्ये एकदाही 'होईल नीट' म्हणाले नाही.

"सोबत कोण होतं?" मी विचारलं.

"सासूबाई आल्या होत्या ना मुखेडहून. खुरपणीचे दिवस होते, तरी सगळं टाकून आल्या. पंधरा दिवस राहिल्या." मग म्हणाली, "भूल उतरताना मी सारखी 'आई, आई' करत होते म्हणे. मला आठवत नाही. नर्स सांगत होती."

"मग?"

"मग काय, सासूबाईंनी ओ दिली."

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. त्या बाईचे आभार मानायला हवेत, हे मला कळत होतं. तिने माझ्या लेकीला सांभाळलं, आणि तेही स्वतःचं शेत वाऱ्यावर सोडून. फोन नंबर माझ्याकडे आहे. आभार मी अजून मानलेले नाहीत.